घराचं रिनोव्हेशन आणि लीन रिलीज : कॅलिफोर्नियातल्या घरमालकांसाठी पायरी-पायरीने

किचन नवं झालं, काँट्रॅक्टरला शेवटचा चेक दिला, तो वटलाही. दीड महिन्याने टपालात एक पाकीट येतं : कॅबिनेट पुरवणाऱ्या कंपनीने तुमच्या घरावर ११,००० डॉलरचा मेकॅनिक्स लीन नोंदवलाय. त्या कंपनीचं नावही तुम्ही कधी ऐकलेलं नसतं. काँट्रॅक्टरने तुमच्याकडून पैसे घेतले, पण तिचं बिल चुकवलं नाही. कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे ती कंपनी आपली बाकी तुमच्या घरातून वसूल करू शकते. म्हणजे तेच पैसे तुमच्या खिशातून दुसऱ्यांदा जाऊ शकतात.

सातबारा हाताळलेल्या माणसाला लीन म्हणजे काय हे फार समजावावं लागत नाही. 'इतर हक्क' रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा चढतो आणि तो उतरेपर्यंत जमिनीच्या व्यवहाराचं घोडं अडून राहतं. इथे बोजा काउंटी रेकॉर्डरच्या, म्हणजे मालमत्तेच्या कागदांची नोंद ठेवणाऱ्या, कार्यालयात चढतो. मात्र बँकेचा बोजा तुम्ही स्वतः सही करून ओढवून घेतलेला असतो. हा तुमच्या सहीशिवाय, कोर्टाची पायरी न चढता लागतो. रिफायनान्स किंवा विक्रीच्या वेळी टायटल कंपनीने शोध घेतला की तो समोर येतो.

त्यावरचा उपाय म्हणजे आपली जुनी 'भरून पावलो' अशी पावती. ती फक्त काँट्रॅक्टरकडून घेऊन भागत नाही. घरावर काम केलेल्या आणि माल टाकलेल्या प्रत्येकाकडून, प्रत्येक हप्त्याला, कायद्याने ठरवलेल्या नमुन्यात ती घ्यावी लागते. तिलाच इथे लीन वेव्हर किंवा लीन रिलीज म्हणतात.

१. करारावर सही करण्याआधी

कॅलिफोर्नियाच्या काँट्रॅक्टर्स स्टेट लायसन्स बोर्डाच्या वेबसाइटवर लायसन्स नंबर टाकून तपासा. लायसन्स चालू आहे का, कामाला लागू पडणाऱ्या वर्गाचं आहे का (अनेक प्रकारची कामं एकत्र असतील तर बी, इलेक्ट्रिकल सी-१०, प्लंबिंग सी-३६, छप्पर सी-३९), २५,००० डॉलरचा बाँड (ज्यावर भरपाईचा दावा करता येतो ती हमी) आणि वर्कर्स कॉम्प (कामगारांच्या दुखापतीचा विमा) आहे का, हे सगळं तिथे दिसतं. 'आपल्याच ओळखीतला आहे' म्हणून ही पायरी गाळू नका. चांगला माणूससुद्धा एका कामाचे पैसे दुसऱ्या कामात फिरवतो आणि त्याचा फटका तुमच्या घराला बसतो.

मग पैशांचं वेळापत्रक. होम इम्प्रूव्हमेंट करारात डाउन पेमेंट १,००० डॉलर किंवा कराराच्या १० टक्के, यातलं जे कमी असेल तेवढंच घेता येतं. म्हणजे ६०,००० च्या किचनलाही १,०००च. त्यापुढचे हप्ते झालेल्या कामाच्या किंवा घरी पोचलेल्या मालाच्या किमतीपेक्षा जास्त असता कामा नयेत. अपवाद फक्त खास जादा बाँड असलेल्या काँट्रॅक्टरांना आहे. 'कॅबिनेटची ऑर्डर द्यायचीय, अर्धे पैसे आधी द्या' ही मागणी सर्रास होते. तिला नम्रपणे पण ठाम नकार द्या. महागडी वस्तू थेट तुमच्या नावावर, तुमच्या कार्डावर विकत घेता आली तर सर्वांत उत्तम : दुकानदाराचे पैसे जागच्या जागी चुकते होतात, त्याचा लीन लागण्याचा प्रश्नच उरत नाही.

करारात या तीन गोष्टी लिहून घ्या :

- सगळ्या सबकाँट्रॅक्टरांची (काँट्रॅक्टरने कामावर आणलेले प्लंबर, इलेक्ट्रिशियन वगैरे; पुढे त्यांना 'सब' म्हटलंय) आणि माल पुरवणाऱ्यांची नावं-पत्ते, आणि नवा कोणी आला तर काम सुरू करण्याआधी लेखी कळवण्याची अट.
- कोणताही हप्ता मिळण्याआधी काँट्रॅक्टर स्वतःचे आणि यादीतल्या संबंधितांचे वेव्हर देईल.
- शेवटचे १० टक्के नोटीस ऑफ कम्प्लिशन (काम पूर्ण झाल्याची नोटीस) नोंदवल्यानंतर ३५ दिवसांनी. हा आकडा कुठून आला ते सातव्या पायरीत येईल.

दुसऱ्या अटीवर काँट्रॅक्टर कुरकुरला तर त्याला सांगा की ती तुमची लहर नाही. बिझनेस अँड प्रोफेशन्स कोडच्या कलम ७१५९.५ नुसार झालेल्या कामाचे पैसे मिळाल्यावर, पुढचे पैसे घेण्याआधी, त्या भागापुरतं पूर्ण आणि बिनशर्त रिलीज देणं काँट्रॅक्टरवर बंधनकारक आहे. मात्र 'मी लीनचा हक्क आत्ताच सोडतो' असं करारातच लिहून घेतलंत तर ते चालत नाही. असा आगाऊ त्याग कायदा मानत नाही.

परमिटबद्दलही सावध राहा. काही काँट्रॅक्टर 'तुम्हीच ओनर-बिल्डर म्हणून परमिट काढा, लवकर मिळतं' असं सुचवतात. तसं केलंत की कागदोपत्री मुख्य काँट्रॅक्टर तुम्ही होता आणि त्याची जबाबदारी तुमच्या गळ्यात पडते. परमिट त्याने त्याच्या लायसन्सवरच काढावं.

२. प्रिलिमिनरी नोटीस फेकू नका

काम सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत सर्टिफाइड टपालाने पाकिटं येऊ लागतात. आतल्या मजकुरात 'लीन' हा शब्द असतो, त्यामुळे काहीजण घाबरतात आणि काहीजण जाहिरात समजून कचऱ्यात टाकतात. प्रिलिमिनरी नोटीस म्हणजे लीन नव्हे. 'मी तुमच्या घरावर काम करतोय किंवा माल देतोय, मला अमुक काँट्रॅक्टरने आणलंय, अंदाजे इतकी रक्कम होईल' एवढं ती सांगते. ज्यांचा तुमच्याशी थेट करार नाही त्यांना लीनचा हक्क राखायचा असेल तर ही नोटीस, काम किंवा माल सुरू झाल्यापासून २० दिवसांत, द्यावीच लागते. उशिरा दिली तर नोटिशीच्या आधीच्या २० दिवसांतल्या आणि त्यानंतरच्या कामापुरताच हक्क राहतो.

म्हणून ही नोटीस तुमच्या उपयोगाचीच आहे : वेव्हर कुणाकुणाकडून घ्यायचे त्याची यादी तुम्हाला घरपोच मिळते. एक साधा तक्ता करा. रकाने : नाव, कुणी आणलं, काय काम, नोटिशीची तारीख, अंदाजे रक्कम, आणि प्रत्येक हप्त्यासाठी 'कंडिशनल मिळाला' व 'अनकंडिशनल मिळाला'. काँट्रॅक्टरने दिलेल्या यादीत नसलेलं नाव टपालातून आलं तर त्याच दिवशी त्याला विचारा.

दोघांची नोटीस येत नाही : तुमचा थेट काँट्रॅक्टर आणि रोजंदारीवरचे मजूर. त्यांना तुम्हाला नोटीस न देताही लीन लावता येतो.

३. चार फॉर्म आणि त्यांतला फरक

सगळा घोळ इथे होतो, म्हणून सावकाश वाचा. सिव्हिल कोडमध्ये नेमके चार नमुने आहेत. मजकूर बऱ्याच अंशी त्या नमुन्याबरहुकूम नसेल तर वेव्हरला अर्थ राहत नाही. बिलावर मारलेला 'पेड इन फुल' शिक्का किंवा 'सगळे पैसे मिळाले, तक्रार नाही' अशी ईमेल ही पावती असेल, वेव्हर नव्हे. नमुने लायसन्स बोर्डाच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. छापून काँट्रॅक्टरच्या हातात तुम्हीच ठेवा.

- कलम ८१३२ : चालू हप्त्यासाठी कंडिशनल
- कलम ८१३४ : चालू हप्त्यासाठी अनकंडिशनल
- कलम ८१३६ : शेवटच्या पैशांसाठी कंडिशनल
- कलम ८१३८ : शेवटच्या पैशांसाठी अनकंडिशनल

कंडिशनल म्हणजे 'हा चेक वटला तर मी भरून पावलो'. त्यात चेक कुणी लिहिला, किती रकमेचा, कुणाच्या नावे, हे भरायचं असतं. पैसे बँकेतून मिळाले की तो आपोआप लागू होतो. चेक न वटल्यास सही करणाऱ्याचा हक्क शाबूत राहतो.

अनकंडिशनल म्हणजे 'मी भरून पावलो', कुठलीही अट नाही. सही झाल्या क्षणी तो लागू होतो, पैसे प्रत्यक्षात मिळाले नसले तरी. फॉर्मवरच मोठ्या अक्षरात तशी सूचना छापलेली असते. त्यामुळे चेक देण्याआधी सबकडे अनकंडिशनल मागू नका. जाणता माणूस सही करणार नाही, आणि ते बरोबरच आहे. ज्याने हक्काचे पैसे न मिळता सही केली त्याच्यावर तुम्ही अन्याय केलेला असतो.

४. हप्त्याच्या दिवशी नेमकं काय करायचं

समजा ६०,००० चं किचन आहे आणि वेळापत्रक असं : डाउन पेमेंट १,०००, तोडफोड आणि रफ प्लंबिंग-इलेक्ट्रिकल झाल्यावर १४,०००, ड्रायवॉल झाल्यावर व कॅबिनेट घरी पोचल्यावर २२,०००, काउंटरटॉप आणि टाइल झाल्यावर १२,०००, पंच लिस्ट (शेवटी राहिलेल्या बारीकसारीक कामांची यादी) संपल्यावर ५,०००, राखून ठेवलेले ६,०००.

१४,००० च्या वेळी काँट्रॅक्टरने स्वतःचा कंडिशनल द्यायचा, रक्कम १४,०००. प्लंबर आणि इलेक्ट्रिशियननेही आपापला कंडिशनल द्यायचा. त्यांच्या फॉर्मवर रक्कम काँट्रॅक्टर त्यांना देणार आहे ती असेल, आणि चेक लिहिणारा म्हणून काँट्रॅक्टरचं नाव असेल, तुमचं नव्हे. तिन्ही कागद हातात आले की चेक द्या.

२२,००० च्या वेळी आधी मागच्या हप्त्याचा हिशोब : त्याच तिघांचे १४,००० च्या हप्त्यासाठीचे अनकंडिशनल. ते मिळाले की मग नव्या हप्त्याचे कंडिशनल, यात आता ड्रायवॉलवाला आणि कॅबिनेटवालेही येतील. मग चेक.

म्हणजे अनकंडिशनल नेहमी एक हप्ता मागे चालतो. काँट्रॅक्टरने प्लंबरचे पैसे दाबले असतील तर ते इथेच उघडं पडतं, कारण प्लंबर अनकंडिशनलवर सही करणार नाही. आणि तुमच्या हातात अजून ४५,००० आहेत. तपासण्याची ताकद तुमच्याकडे तोवरच असते.

ज्याचं काम मध्येच कायमचं संपलं त्याच्याकडून शेवटचा फॉर्म तेव्हाच घ्या. ड्रायवॉलवाला तिसऱ्या हप्त्यानंतर परत येणार नाही, तर त्याचा फायनल कंडिशनल तिथेच आणि पुढच्या हप्त्याला फायनल अनकंडिशनल. चार महिन्यांनी तो फोन उचलेलच असं नाही. प्लंबर मात्र नळ आणि सिंक बसवायला पुन्हा येतो, त्याचा फायनल थांबवा.

रोख पैसे देऊ नका. झेलने (बँकेतून बँकेत पैसे पाठवायची सेवा) दिले तर फॉर्मच्या चेकच्या जागी ट्रान्सफरची तारीख आणि रक्कम लिहून घ्या आणि बँकेची नोंद जोडा. एखाद्याने अनकंडिशनल द्यायला टाळाटाळ केली तरी त्याचा कंडिशनल आणि त्यातला चेक वटल्याचा बँकेचा पुरावा, हे दोन्ही मिळून तुमचं काम भागतं. अडचण सबच्या बाबतीत येते, कारण त्याला काँट्रॅक्टरने दिलेल्या चेकचा पुरावा तुमच्याकडे नसतो. म्हणून सबच्या अनकंडिशनलचा आग्रह जास्त धरा.

५. हातात आलेला फॉर्म असा तपासा

*थ्रू डेट.* चालू हप्त्याचा फॉर्म या तारखेपर्यंतच्याच कामाचा हक्क सोडतो. बिल ३१ मार्चपर्यंतचं आणि फॉर्मवर १५ मार्च, तर मधले सोळा दिवस उघडे राहतात. रकाना रिकामा असेल तर परत करा.

*एक्सेप्शन्स.* 'वाढीव काम, ३,२०० डॉलर' असं इथे लिहिलेलं असेल तर तेवढ्यावरचा हक्क त्याने सोडलेला नाही. शेवटच्या फॉर्मवर इथे रक्कम दिसली तर चेक लिहिण्याआधी तो वाद मिटवा. वाढीव कामाच्या चेंज ऑर्डर सुरुवातीपासून लेखी आणि दोघांच्या सहीच्या ठेवल्यात तर हा रकाना सहसा कोरा येतो.

*सही कुणाची.* सबचा फॉर्म सबनेच भरायचा आणि सही करायची. 'मी त्यांच्या वतीने करतो' हे काँट्रॅक्टरचं म्हणणं ऐकू नका. तसा फॉर्म सबला बांधत नाही. शंका वाटली तर प्रिलिमिनरी नोटिशीवरच्या पत्त्यावर सबला विचारा.

*नावं.* क्लेमंट म्हणजे सही करणारा. कस्टमर म्हणजे त्याला ज्याने कामावर घेतलं तो. सबच्या फॉर्मवर तिथे काँट्रॅक्टर येतो. ओनरच्या जागी डीडवर (घराच्या मालकीच्या दस्तावर) असेल तसंच तुमचं नाव. घर ट्रस्टमध्ये असेल तर ट्रस्टचं.

नोटरीची गरज नाही. 'नोटरी व्हायची आहे, पुढच्या आठवड्यात देतो' ही सबब कॅलिफोर्नियात चालत नाही.

६. सबचे पैसे अडकल्याचा वास आला तर : जॉइंट चेक

पुरवठादाराचे फोन थेट तुम्हाला येऊ लागले, काम अकारण थंडावलं, सबचे अनकंडिशनल दोनदा 'विसरले', तर पुढचा चेक काँट्रॅक्टर आणि तो पुरवठादार अशा दोघांच्या नावे लिहा. दोन नावांच्या मध्ये 'अँड' हा शब्द स्पष्ट लिहा. तिरकी रेघ किंवा 'ऑर' असेल तर एकट्याच्या सहीवर चेक वटू शकतो आणि सगळा उद्देशच जातो. किती रक्कम कुणाची हे आधी तिघांमध्ये लेखी ठरवा आणि दोघांचेही कंडिशनल घ्या. करारात जॉइंट चेकची मुभा आधीच लिहिलेली असली तर यावरून भांडण होत नाही.

७. काम संपलं : तारखांचा खेळ

काहीही नोंदवलं नाहीत तर काम पूर्ण झाल्यापासून ९० दिवसांपर्यंत कुणीही लीन लावू शकतो. नोटीस ऑफ कम्प्लिशन काउंटी रेकॉर्डरकडे नोंदवलीत तर सब आणि पुरवठादारांची मुदत नोंदणीपासून ३० दिवसांवर येते आणि थेट काँट्रॅक्टरची ६० दिवसांवर. ही नोटीस काम पूर्ण झाल्यापासून १५ दिवसांच्या आत नोंदवावी लागते. सोळाव्या दिवशी गेलात तर फायदा गेला.

दुसरीकडे, राखून ठेवलेले पैसे काम पूर्ण झाल्यापासून ४५ दिवसांत द्यावे लागतात. खरोखरचा वाद असेल तर वादातल्या रकमेच्या दीडपटीपर्यंत अडवता येतात. या दोन घड्याळांची सांगड घाला : नोटीस पहिल्या आठवड्यातच नोंदवा. त्यानंतर ३० दिवसांनी सबची मुदत संपते, रेकॉर्डरच्या यादीत नोंद दिसायला चार-पाच दिवस द्या, यादीत आपलं नाव शोधून पाहा, आणि पस्तिसाव्या दिवशी, ४५ ची मर्यादा ओलांडण्याआधी, काँट्रॅक्टरचा फायनल कंडिशनल घेऊन ६,००० चा चेक द्या. तो वटल्यावर फायनल अनकंडिशनल. नोटीस नोंदवलीच नाहीत तर ४५ व्या दिवशी पैसे हातचे जातात आणि लीनची मुदत त्यानंतरही दीड महिना चालू राहते.

काम अर्धवट सोडून काँट्रॅक्टर निघून गेला तर सलग ६० दिवस काम बंद राहिलं की कायद्याच्या दृष्टीने ते 'पूर्ण' धरलं जातं. कामगार शेवटचे कधी आले त्या दिवसाची नोंद आणि फोटो ठेवा.

फाइलमध्ये काय असावं

करार आणि सगळ्या चेंज ऑर्डर. प्रिलिमिनरी नोटिशी पाकिटांसकट (टपालाची तारीख पाकिटावर असते). वेव्हरचा तक्ता आणि मूळ प्रती. वटलेल्या चेकच्या दोन्ही बाजूंच्या प्रती. परमिट आणि शेवटच्या इन्स्पेक्शनची मंजुरी. नोटीस ऑफ कम्प्लिशनची नोंदवलेली प्रत. दहा वर्षं ठेवा, दडलेल्या दोषांबद्दलचे दावे तेवढा काळ उभे राहू शकतात.

८. तरीही लीन लागला तर

आधी तारखा पाहा. लावणारा सब किंवा पुरवठादार असेल तर त्याची प्रिलिमिनरी नोटीस आली होती का? लीन मुदतीत नोंदवला का? त्याने सही केलेला वेव्हर तुमच्याकडे आहे का? असेल तर प्रत जोडून सर्टिफाइड टपालाने लीन काढण्याची मागणी करा.

लीन नोंदवल्यापासून ९० दिवसांत त्याने कोर्टात दावा लावला नाही तर त्या लीनच्या जोरावर वसुली करता येत नाही. पण रेकॉर्डवरून तो आपसूक पुसला जात नाही. किमान १० दिवस आधी लेखी मागणी करा, आणि तरीही त्याने काढला नाही तर सुपीरिअर कोर्टात तो काढण्यासाठी अर्ज करता येतो. जिंकणाऱ्याला वकिलाची फी मिळते.

मागणी खरी असेल आणि काँट्रॅक्टरचे पैसे अजून तुमच्याकडे असतील तर लीनएवढी रक्कम त्यातून अडवून ठेवा. सबच्या लीनविरुद्ध तुमचा बचाव स्वतःच्या खर्चाने करणं हे थेट काँट्रॅक्टरचं काम आहे. घराची विक्री तोंडावर आली असेल तर लीनच्या १२५ टक्के रकमेचा बाँड देऊन घर मोकळं करता येतं. काँट्रॅक्टरविरुद्ध लायसन्स बोर्डाकडे तक्रार आणि त्याच्या बाँडवर दावा, हे मार्गही आहेत. रक्कम मोठी असेल तर या टप्प्यावर वकील घ्याच.

एका गोष्टीत गल्लत करू नका. वरचे चार फॉर्म हे लीन लागण्याआधीचे. एकदा नोंदवलेला लीन उतरवायचा तर वेगळा 'रिलीज ऑफ मेकॅनिक्स लीन' लागतो. तो नोटरीसमोर सही करून त्याच काउंटी रेकॉर्डरकडे नोंदवावा लागतो. पैसे देताना हा सही केलेला कागद हातात घ्या आणि नोंदणी स्वतः करा.

कॅलिफोर्नियाबाहेर राहत असाल तर

वरच्या मुदती आणि फॉर्म दुसरीकडे लागू नाहीत. टेक्सासमध्येही कायद्याने ठरवलेले वेव्हर आहेत, आणि राहत्या घरावर लीनचा हक्क उभा राहायला काम सुरू होण्याआधी लेखी करार आणि पती-पत्नी दोघांच्या सह्या लागतात. फ्लोरिडात कामाआधी नोटीस ऑफ कमेन्समेंट (काम सुरू होत असल्याची नोटीस) नोंदवायची असते, आणि शेवटच्या चेकआधी काँट्रॅक्टरचं अंतिम प्रतिज्ञापत्र घ्यायचं असतं. इलिनॉय आणि मिशिगनमध्ये काँट्रॅक्टरचं स्वॉर्न स्टेटमेंट मागायचं. त्यात प्रत्येक सबचं आणि पुरवठादाराचं नाव, किती दिले आणि किती बाकी, हे शपथेवर लिहिलेलं असतं. त्यातल्या बाकीच्या रकमा प्रत्येकाच्या वेव्हरशी जुळवून पाहा, मगच चेकबुक उघडा.